वेड्यांच्या इस्पितळापासून गांवच्या उंबरठ्यापर्यंत

गुहागर तालुक्यांतील हेदवी हें गांव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळें व समुद्रकांठच्या बामणघळीमुळें सर्वांस ठाऊक आहे. परंतु अशा गांवांतील एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाची झोंप उडाली, अभ्यासांत मन लागेना आणि जगण्याचीच गोडी वाटेनाशी झाली, तर त्यानें कोणाच्या दारीं जावें? ह्या प्रश्नामागें मोठा इतिहास आहे; तो आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

रत्नागिरीस १८८६ सालीं वेड्यांचें इस्पितळ स्थापन झालें. पुढें १९१२ च्या कायद्यानें रोग्यास अशा ठिकाणीं पाठविण्याचा मार्ग बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमांतून जात असे. रोग्याची शुश्रूषा हा हेतु होता खरा. तथापि समाजाच्या रक्षणाचा विचार त्यांत वरचढ होता. १९२० च्या सुमारास सरकारी दप्तरांत अशा संस्थांस ‘मेंटल हॉस्पिटल’ हें नांव मिळालें. पाटी बदलली, पण लोकांची धास्ती गेली नाहीं. ‘ह्यास ठाण्यास पाठवा, येरवड्यास पाठवा’ हा टोमणा आपण सर्वांनीं ऐकिला आहे. जेथें मदत मिळावयाची त्या गांवाचें नांवच शिवी होऊन बसल्यावर तरुणांनीं तोंड उघडावें कसें?

ह्याच्या उलट उदाहरण बेल्जमांतील खेल ह्या गांवचें आहे. संत डिम्फना ह्या तरुण कुमारिकेच्या देवळाभोंवतीं जमणाऱ्या मनोरुग्णांस तेथील शेतकरी कुटुंबें मध्ययुगापासून आपल्या घरीं ठेवून घेत आलीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. औषधाइतकाच शेजारही उपयोगी पडतो, हा धडा त्या गांवानें जगास दिला.

आपल्या देशांत ही दृष्टि उशिरां आली. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ सालीं जिल्हा कार्यक्रम निघाला. उपचार गांवाजवळ यावे हा त्यांचा उद्देश. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानें दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या मनाकडेही लक्ष दिलें. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, रोग्याची माहिती गुप्त राखण्याचें बंधन घातलें, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तो तीव्र ताणाखालीं होता असें मानून शिक्षेऐवजीं साहाय्य द्यावें असें सांगितलें. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तीवर अहोरात्र, आणि मराठींतही, बोलतां येतें. त्यासाठीं ना हुकूम लागतो, ना एस्. टी. चें भाडें.

तरीही २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणींत तेरा ते सतरा वयाच्या शंभरांपैकीं सुमारें सात मुलांस मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक रोगी उपचारांवांचूनच राहतात असें दिसून आलें. कायदा दार उघडूं शकतो. लाज मात्र घरच्यांनींच दूर करावयाची असते. बाप मुंबईस, मूल आजीपाशीं, अशा कोंकणांतील घरांत तर हें अधिकच खरें.

म्हणून वाचकहो, आमची एवढीच विनंति: मूल ‘मला बरें वाटत नाहीं’ म्हणालें, तर त्यास आळशी म्हणूं नका, भगताकडे नेऊं नका. आधीं ऐकून घ्या, मग डॉक्टरकडे त्याच्या सोबत जा. मागील पिढ्यांनीं भिंती बांधिल्या. आपण निदान उंबरठ्यापर्यंत सोबत करूं या.