मोठ्या प्रथिनाच्या आडोशाला

१९७३ साली रॉजर गिलेमिन यांच्या गटाने सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक वेगळे केले. त्यासाठी सुमारे पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे लागले. हाती आले काही मिलिग्रॅम. माणसातही नेमके हेच संप्रेरक असते. ते जिवाणूंकडून करून घेता येईल का?

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियात इटाकुरा, रिग्ज, बॉयर आणि सहकाऱ्यांनी ते करून पाहिले. रेणू लहान, फक्त १४ अमिनो आम्लांचा. त्याचे जनुक त्यांनी रासायनिक पद्धतीने जुळवले आणि ई. कोलाय जिवाणूत घातले. पण संप्रेरक मिळालेच नाही! जिवाणूची विकरे ही परकी, आखूड साखळी तोडून टाकत असावीत. म्हणून त्यांनी ती जिवाणूच्याच बीटा-गॅलॅक्टोसायडेज या मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडली आणि सांध्यावर मिथायोनिन ठेवले. सायनोजेन ब्रोमाइड साखळी मिथायोनिनपाशी तोडते. सोमॅटोस्टॅटिनमध्ये मिथायोनिन नाही. त्यामुळे ते अखंड सुटले.

मानवी इन्शुलिनमध्येही मिथायोनिन नाही. १९७८ मध्ये त्याच्या दोन्ही साखळ्या याच युक्तीने मिळाल्या. संशोधनासाठी मानवी प्रथिने बनवताना नाजूक प्रथिनाला दणकट सोबती देण्याची रीत आजही चालू आहे. मात्र प्रथिनातच मिथायोनिन असेल, तर कात्री दुसरी लागते. का, ते विद्यार्थ्यांना विचारून पाहा.