एकदां सीझर, नेहमीं सीझर?

श्रोतेहो, गेल्या महिन्यांत माझी भाची माझ्याकडे चार दिवस राहावयास आली होती. तिचा पहिला मुलगा आतां तीन वर्षांचा आहे. तो पोट चिरून, म्हणजे आपल्या नेहमींच्या बोलण्यांतल्या शब्दांत सांगावयाचें तर ‘सीझर’ करून झाला. आतां तिला पुन्हां दिवस गेले आहेत, आणि या खेपेस आपण स्वाभाविक रीतीनें बाळंत व्हावें अशी तिची मनापासून इच्छा आहे. ही इच्छा तिनें बोलून दाखवितांच सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं तिला गप्प केलें. “एकदां सीझर झालें कीं पुढचेंहि सीझरच; हें का आतां नव्यानें शिकवावयास हवें?” भाची मला म्हणाली, “मावशी, तूं जन्मभर इतिहास शिकविलास. हा नियम केला कुणीं, तें तरी सांग.” त्या प्रश्नाच्या मागें लागतां लागतां मला जें सांपडलें तें आज आपणांपुढें ठेवणार आहें. मी वैद्य नव्हे; औषधोपचाराचा सल्ला मजकडून मिळणार नाहीं. पण एखादें वाक्य कोठें जन्मलें, कशासाठीं जन्मलें, आणि त्याचें कारण सरल्यावरहि तें कसा अधिकार गाजवीत राहिलें, एवढें इतिहासाच्या शिक्षकिणीस सांगतां यावें.

आरंभ नांवापासूनच करूं. ज्यूलिअस सीझर हा असा पोट चिरून जन्मला म्हणून या शस्त्रक्रियेस त्याचें नांव पडलें, ही समजूत बरीच जुनी आहे. पण ती टिकण्यासारखी नाहीं. सीझरची आई ऑरेलिआ ही मुलगा मोठा सेनापति झाल्यावरहि हयात होती. ती वारली इ. स. पूर्वीं ५४ सालीं. त्या काळीं पोट चिरलेली बाई जगणें अशक्यच. रोमन कायद्याचा दंडक होता तो निराळा: गरोदर स्त्री मरण पावली तर पोटांतील मूल काढल्यावांचून तिचें दफन करूं नये. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंतहि, माता गतप्राण झाली असून तिची कूस हालत असेल, तर वैद्यानें तत्क्षणीं पोट फाडून मूल बाहेर काढावें, असा आदेश आहे. पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय, ही शस्त्रक्रिया मृत आईवर करावयाची होती. तिच्या पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न तेथें संभवतच नव्हता.

जिवंत स्त्रीविषयीं जी पहिली हकीकत सांगतात ती स्वित्झर्लंडमधील आहे. इ. स. १५०० च्या सुमारास सीगर्सहाउझेन या गांवीं याकोब नूफर नांवाचा, डुकरें खच्ची करण्याचा धंदा करणारा, एक मनुष्य राहत होता. त्याची बायको अडली. तेरा सुइणींनीं हात टेकले. तेव्हां अधिकाऱ्यांची परवानगी काढून नूफरनें स्वतःच्या हातानें तिचें पोट चिरलें. आई आणि मूल दोघेंहि वांचलीं. पुढें या बाईस आणखी मुलें झालीं, त्यांत एकदां जुळें झालें, आणि हीं सारीं बाळंतपणें सरळ पार पडलीं, असें ही हकीकत सांगते. ती लिहिली गेली मात्र सुमारें ऐंशी वर्षांनीं, बाझेल येथील कास्पार बौहिन या विद्वानाच्या हातून. त्यामुळें इतिहासकार ती शंकेनेंच वाचतात. मूल गर्भाशयांत नसून बाहेरच वाढलें असावें, असाहि एक तर्क आहे. खरें खोटें काय असेल तें असो. मला गंमत वाटली ती ही कीं, लोकांनीं आवर्जून सांगितलेली या प्रकारची पहिली कथाच भाचीच्या बाजूनें साक्ष देते!

पुढील तीनशें वर्षांचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. १५८१ सालीं फ्रान्सवा रूसे या फ्रेंच वैद्यानें जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करावी असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलें. पण गर्भाशय आपोआप आकुंचन पावतो, त्यास टांके घालण्याचें प्रयोजन नाहीं, असेंहि त्यांत मांडलें. ही चुकीची समजूत तीन शतकें टिकली. पोटास टांके घालीत, गर्भाशय तसाच उघडा ठेवीत, आणि बाई रक्तस्रावानें नाहीं तर ज्वरानें मरत असे. १८७६ सालीं इटलींतील पाव्हिआ येथें एदुआर्दो पोर्रो यानें यावर एक उग्र उपाय काढला: मूल काढल्याबरोबर गर्भाशयहि कापून टाकावयाचा. बाया जगूं लागल्या, पण दुसऱ्या बाळंतपणाची आशाच संपली. अखेर १८८२ सालीं लाइपझिगच्या माक्स झेंगर यानें, गर्भाशयास रुप्याच्या तारेचे व रेशमाचे टांके काळजीपूर्वक घालावे, असें दाखवून दिलें. माझ्या मतें या सगळ्या इतिहासांतला खरा दरवाजा हाच. गर्भाशय शिवला जाऊं लागला तेव्हांच ‘पुढच्या खेपेस काय?’ हा प्रश्न जगांत आला.

तो प्रश्न पहिल्यानें ज्यांच्यापुढें उभा राहिला त्या स्त्रिया कोण होत्या, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ग्लासगो शहराच्या धुरकट चाळींत ऊन नाहीं, पोटाला धड अन्न नाहीं, अशा स्थितींत वाढलेल्या मुलींना मुडदूस होई. त्यांचीं हाडें वांकत, कटीचा घेर आंवळून जाई, आणि मुलाचें डोकें त्यांतून उतरणें अशक्य होई. १८८८ च्या एप्रिलांत तेथील डॉक्टर मर्डोक कॅमेरॉन यांनीं चार फुटांहूनहि ठेंगण्या असलेल्या अशा एका स्त्रीवर नव्या पद्धतीनें ही शस्त्रक्रिया केली. ती वांचली, मुलगाहि वांचला, आणि तिनें मुलाचें नांव ठेवलें सीझर कॅमेरॉन. आतां अशा स्त्रीला पुन्हां मूल व्हावयाचें असेल तर पोट चिरण्यावांचून दुसरा मार्ग कोठला? हाडें तीं तशींच राहणार.

या पार्श्वभूमीवर १९१६ साल येतें, आणि त्याबरोबर तें वाक्य. न्यूयॉर्क येथें डॉ. एडविन क्रेगिन हे प्रसूतिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. त्या वर्षीं त्यांनीं डॉक्टरांच्या एका सभेपुढें निबंध वाचला. निबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्रांतील संयम. तरुण डॉक्टर हातीं आलेल्या नव्या शस्त्राच्या मोहांत पडून गरज नसतां पोट चिरूं लागले होते. त्यांना आवर घालावा हा क्रेगिन यांचा हेतु. या शस्त्रक्रियेचा एक तोटा म्हणून त्यांनीं बजावलें कीं, एकदां ती केली कीं पुढें नेहमीं तीच करावी लागते असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून पहिल्याच खेपेस हात उचलण्यापूर्वीं विचार करा. याला अपवाद पुष्कळ आहेत, हेंहि त्यांनीं तेथेंच नमूद केलें, आणि सीझरनंतर तीनदां सरळ बाळंत झालेल्या आपल्याच एका रुग्ण स्त्रीचा दाखला दिला.

श्रोतेहो, आतां नियतीचा खेळ पाहा. ज्या वाक्यानें पहिली शस्त्रक्रिया टळावी असा उद्देश होता, त्याच वाक्यानें दुसरी, तिसरी आणि चवथी अटळ केली. निबंध विस्मृतींत गेला, संयम विस्मृतींत गेला, अपवादहि गेले. उरलें तें तेवढें वाक्य. इंग्रजींत तें यमकासारखें जिभेवर बसतें, आणि अशा वाक्यांना मरण नसतें. अमेरिकेंतील डॉक्टरांनीं पुढें साठ वर्षें तें वेदवाक्य मानलें.

खरें पाहतां त्या वाक्याचा आधार क्रेगिन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ढांसळला होता. त्यांच्या काळीं गर्भाशय वरच्या जाड भागावर उभा चिरीत. पुन्हां ग्लासगोचेंच नांव घ्यावें लागतें: तेथील मन्रो कर यांनीं १९२१ पासून खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. फरक समजावयास घरांतलाच दाखला घेऊं. उलटा टांगलेला बटवा डोळ्यांपुढें आणा. कळा येतात म्हणजे बटव्याचा वरचा भाग जोरानें आंवळला जातो आणि खालचा भाग नुसता ताणून सैल होतो. शिवण वरच्या भागांत असेल तर प्रत्येक कळेचा जोर थेट तिच्यावर येतो. खालीं आडवी असेल तर तिच्यावर त्या मानानें बेतानेंच ओढ पडते. उभ्या छेदाचा जुना वण कळांत उसवण्याचें भय शेंकडा चार ते नऊ मानतात. आडव्या छेदाचें तेंच भय शेंकडा एकाच्या आसपास, बहुधा त्याहूनहि कमी. छेद बदलला, पण वाक्य बदललें नाहीं. युरोपांतील व विशेषतः ब्रिटनमधील प्रसूतिगृहांत मात्र निवडक स्त्रियांना कळांची संधि देण्याची वहिवाट होती. तेथें त्या वाक्याचा दरारा तेवढा कधींच बसला नाहीं.

अमेरिकेंत वाक्याविरुद्ध आवाज उठविला तो आधीं आयांनींच. १९७० सालीं तेथें शंभरांत साडेपांच बाळंतपणें पोट चिरून होत. १९८० सालीं तीं साडेसोळांवर गेलीं. पहिली शस्त्रक्रिया वाढली म्हणजे दुसरी आपोआप वाढते, हा हिशेब चतुर स्त्रियांच्या लक्षांत आला. बोस्टनकडील नॅन्सी वेनर कोहेन यांनीं लोइस एस्टनर यांच्यासह १९८३ मध्यें ‘सायलेंट नाइफ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८२ मध्यें एस्थर झोर्न यांनीं सिराक्यूज येथें स्त्रियांची एक चळवळच उभारली. सरकारी आरोग्यसंस्थेनें १९८० मध्यें तज्ज्ञांची परिषद भरविली, आणि छेद आडवा व खालचा असेल तर कळांची वाट पाहणें हा योग्य मार्ग आहे, असा निर्वाळा मिळाला. परिणाम असा कीं, आधीं सीझर झालेल्या शंभर स्त्रियांपैकीं १९८० मध्यें तीन-चारच सरळ बाळंत होत. १९९६ मध्यें ही संख्या अठ्ठावीसांवर गेली.

येथें ही गोष्ट सुखान्त होईल असें वाटतें. पण तसें झालें नाहीं. लंबक एका टोंकाकडून निघाला तो दुसऱ्या टोंकास जाऊन आदळला. खर्च वांचतो असें पाहून विमेवाल्यांनीं स्त्रियांवर उलट सक्ति सुरू केली: आधीं कळा सोसून पाहाच. इच्छा नाहीं, वण कसला तें ठाऊक नाहीं, तरी चालेल. शिवाय कळा आणण्यासाठीं तीव्र औषधें वापरूं लागले. २००१ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील वीस हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. कळा आपोआप आल्या तेथें वण उसवण्याचें प्रमाण हजारीं पांचाच्या आसपास होतें. प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधानें कळा आणविल्या तेथें तें हजारीं चोवीसांवर गेलें. वण उसवणें म्हणजे काय, हें गुळमुळीत बोलून चालणार नाहीं. कांहीं मिनिटांत मूल दगावूं शकतें, आईचा गर्भाशय काढावा लागूं शकतो. तत्पूर्वींच, १९९९ सालीं, तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयानें शस्त्रक्रियेची सिद्धता तत्काळ हाताशीं असावी असें ठरविलें होतें. लहान गांवांतील रुग्णालयांना हें परवडेना; त्यांनीं दारेंच लावून घेतलीं. २००६ पर्यंत अठ्ठावीसांचे साडेआठ झाले.

सर्वांत विश्वासार्ह आंकडे २००४ सालच्या पाहणींत मिळतात. एकोणीस मोठ्या रुग्णालयांतील १७,८९८ स्त्रियांनीं कळांची वाट पाहिली. शंभरांत त्र्याहत्तर जणी सरळ बाळंत झाल्या. १२४ जणींचा वण उसवला, म्हणजे हजारीं सात. बारा बालकांच्या मेंदूस प्राणवायु न मिळाल्याची इजा झाली. आधींच दिवस ठरवून सीझर केलेल्यांत अशी इजा एकाहि बालकास झाली नाहीं. हें एक पारडें. दुसऱ्या पारड्यांत प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेबरोबर वाढणारें भय आहे. वार जर गर्भाशयाच्या तोंडाशीं बसली असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतींत रुजून बसण्याचा संभव पहिल्या सीझरच्या वेळीं शेंकडा तीन, दुसऱ्याच्या वेळीं अकरा आणि तिसऱ्याच्या वेळीं चाळीस असतो, असें २००६ सालच्या एका पाहणींत आढळलें. जिला दोनच मुलें हवीं तिचा हिशेब आणि जिला चार हवीं तिचा हिशेब निराळा, तो यामुळें. २०१० च्या दुसऱ्या परिषदेनें हीं दोन्हीं पारडीं स्त्रीपुढें उघडीं ठेवावीं, असाच कौल दिला. २०१८ मध्यें अमेरिकेंतला आंकडा पुन्हां तेरांवर चढला होता.

हा परदेशचा इतिहास ऐकून काय करावयाचें, असें कुणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ मध्यें आपल्या देशांत शंभरांत साडेआठ बाळंतपणें सीझरनें झालीं. २०१९-२१ मध्यें साडेएकवीस. खासगी रुग्णालयांत तर जवळ जवळ निम्मीं. म्हणजे माझ्या भाचीचा प्रश्न आतां गल्लोगल्लीं, जिन्याजिन्यावर आहे.

तिला मीं हें सगळें सांगितलें, तेव्हां तिनें विचारलें, “पण माझा छेद कुठला?” पोटावरची रेघ आडवी आहे, पण कातडीवरच्या रेघेवरून आंतला छेद कळत नाहीं, हें मलाहि वाचूनच समजलें. पहिल्या बाळंतपणाचे कागद शोधण्यांत दोन दिवस गेले. ते मिळाले पोराच्या जावळाच्या सामानांत. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें: खालच्या भागावर आडवा छेद, कारण, मूल पायाळू. पायाळू मुलाला जमिनींतलें धन दिसतें म्हणतात. आमच्या या चिरंजीवांना अजून माझ्या चष्म्याच्या घराचीच तेवढी जागा दिसते. कारण पायाळूचें, म्हणजे तें पुन्हां येईलच असें नाहीं. कागद घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनीं तासभर बसवून घेतलें, रात्रीं-अपरात्रीं शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्हीं मिळेल असें रुग्णालय सुचविलें, आणि कळा आपोआप येईपर्यंत वाट पाहूं, मात्र मध्येंच कांहीं वेगळें दिसलें तर मी चिरायला मागेंपुढें पाहणार नाहीं, असें बजावलें. भाचीनें तें मान्य केलें आहे.

दिवस मार्गशीर्षांत भरतात. सासरच्या त्या बाईंनीं ऐकून घेतलें, “बघा बाई, तुमचें तुम्ही,” एवढेंच म्हणाल्या, आणि दुपटीं शिवावयास घेतलीं.