घराचे मांजर गाडीत

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, हा भेद मराठी घरांत पूर्वापार चालत आला आहे. बिऱ्हाड हलले की कुत्रा माणसांमागे चालू लागे. मांजर उंदरांसकट जुन्या वास्तूतच राही. त्याला प्रवास घडे तो बहुधा शिक्षा म्हणून. दुधाच्या पातेल्यात तोंड घालणाऱ्या मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येत. वाट कळू नये म्हणून पोत्याचे तोंड घट्ट आवळत, आणि तरीही कित्येकदा ते चार-आठ दिवसांत परत चुलीपाशी येऊन बसे.

मांजर माणसाबरोबर कधी फिरलेच नाही, असे मात्र नाही. धान्य आणि दोर कुरतडणाऱ्या उंदरांमुळे जहाजांवर मांजरे ठेवण्याची रीत जगभर होती. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचा ट्रिम हा बोका 1799 मध्ये जहाजावरच जन्मला आणि पुढे त्याच्याबरोबर ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून आला. पण जहाज हे मांजराच्या लेखी घरच. कोठार तेच, उंदीर तेच, माणसेही तीच. फक्त भिंतींबाहेर पाणी. मोटारीत यातले माणसांखेरीज काहीच नसते.

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमध्ये गावी जाताना मांजराचे काय करायचे, हा प्रश्न कारखान्यांबरोबर आला. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये एमआयडीसी अस्तित्वात आली आणि त्याच दशकात आकुर्डीत बजाजचा, पिंपरीत टेल्कोचा वाहन कारखाना उभा राहिला. सातारा-सांगलीपासून खानदेश-मराठवाड्यापर्यंतची माणसे इथे नोकरीला आली. दिवाळीत आणि मे महिन्यात ती एसटीने नाहीतर रेल्वेने गावी जात. रेल्वेत कुत्र्यासाठी गार्डच्या डब्यात पेटी असे, नाहीतर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागे. कामगाराच्या मांजराला यातले काहीच लागू पडत नव्हते. ते मागेच राही. चाळीत एका मांजराची तशीही तीन-चार घरे असत, त्यामुळे कोणाला त्याची फारशी चिंता नसे. 1972 मध्ये आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या चेतक स्कूटरवर, पायांमधल्या सपाट जागेत पिशवी ठेवून मांजराला डॉक्टरकडे नेता येई. त्यापलीकडे मजल नव्हती.

कायदा मात्र आधीच तयार होता. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याखालच्या 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. निघण्याच्या किमान दोन तास आधी खाणे-पाणी, उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि थंडीत दर सहा तासांनी पाणी, मोठ्या जनावराला बारा तासांतून एकदा अन्न, असा त्यातला हिशेब आहे. हे नियम पेटीत बंद करून रवाना केलेल्या जनावरांचा विचार करून लिहिले होते. मागच्या सीटवरच्या घरच्या मांजराची कल्पना तेव्हा कोणी केली असेल, असे वाटत नाही.

1998 च्या अखेरीस पिंपरीत बनलेली इंडिका मोटार बाजारात आली. 2009 मध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाना सुरू केला आणि मर्सिडीजही तिकडेच हलली. पण मांजराच्या दृष्टीने मोटारीपेक्षा एसी महत्त्वाचा ठरला. मे महिन्यात काचा उघड्या ठेवाव्यात तर मांजर बाहेर उडी घेणार, बंद ठेवाव्यात तर गुदमरणार. ही कोंडी एसीने सोडवली. दुसरे कारण इमारतींचे. मोशी, चिखली, वाकडच्या फ्लॅटांत मांजर पाचव्या मजल्यावर, बाल्कनीला जाळी लावून राहू लागले. त्याला आता दुसरे घर नव्हते. शिवाय हा सगळा पट्टाच बाहेरगावच्यांचा, त्यामुळे दिवाळीत वाटीभर दूध ठेवायला शेजारीही उरत नाही.

गाड्यांबरोबर विनातिकीट प्रवासीही आले. पावसात आणि थंडीत भटकी मांजरे उबेसाठी बॉनेटखाली शिरतात. म्हणून जाणते चालक सकाळी बॉनेटवर दोन थापा मारूनच गाडी सुरू करतात.

इथून लातूर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, नागपूर सातशेच्या पुढे. इतक्या लांबच्या प्रवासाची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. पिंजरा दार उघडे ठेवून घरातच ठेवतात आणि आत मांजराच्या अंगाचा वास असलेली जुनी चादर घालतात. गाडीत तो पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसवतात, कारण मोकळे सुटलेले मांजर घाबरले की नेमके ब्रेकच्या पेडलखाली जाऊन दडते. चाकणच्या तळेगाव चौकातली धर-सोड आणि घाटातली वळणे त्याला सर्वांत जड जातात. आधी एका पट्टीतले ओरडणे, मग हनुवटीवरून लाळेची तार, मग उलटी. म्हणून निघायच्या तोंडावर पोटभर खायला घालत नाहीत. फारच त्रास होत असेल तर पशुवैद्य गोळी देतात, माणसाची गोळी चालत नाही. ढाब्यावर थांबताना आधी पिंजऱ्याचे दार तपासायचे, मग गाडीचे उघडायचे. एसी बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मांजराला पाच मिनिटेही ठेवत नाहीत.

गावी पोहोचल्यावर त्याला पहिले काही दिवस एकाच खोलीत कोंडून ठेवतात. रेतीचा ट्रे कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या टोकाला, दार लोटलेले. मांजर आधी पलंगाखाली जाते, रात्री सामसूम झाल्यावर बाहेर येते आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर गाल घासत फिरते. ते मनासारखे खाऊ लागले की मगच ओसरीचे दार उघडतात.