कोंबडीच्या देहातील पहारेकरी : मानमोडीपासून नवापूरपर्यंत

१/ राजापूरच्या वाड्यांवस्त्यांत परसातली कोंबडी म्हणजे घरातील बाईची हक्काची मिळकत. मानमोडीची साथ आली की काही दिवसांतच खुराडे रिकामे होते. विषाणू मज्जासंस्थेत शिरतो आणि पक्ष्याची मान पिळवटते; म्हणून हे नाव. पशुवैद्यकात याच रोगाला 'राणीखेत' म्हणतात.

२/ १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला. लवकरच तो कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला व भारतात तेच नाव रूढ झाले. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत त्यावर लस सिद्ध झाली. लस टोचल्यावर देहात नेमके काय घडते, हे मात्र अज्ञात होते.

३/ उत्तराचा एक धागा १९५६ साली अमेरिकेत गवसला. पक्ष्यांच्या विष्ठामार्गालगत 'बर्सा' नावाची पिशवी असते. ब्रूस ग्लिक यांनी ती काढलेल्या कोंबड्यांपैकी बहुतेकींच्या रक्तात प्रतिपिंडेच तयार होईनात. ही पिशवी म्हणजे लढणाऱ्या पेशींची शाळा होती. मानवी रक्तातील 'बी पेशीं'चे आद्याक्षरही बर्सावरूनच आले.

४/ १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलावर निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला. पेशींनी एक द्रव्य स्रवले. त्यामुळे नव्या पेशी विषाणूला दाद देईनात. तेच 'इंटरफेरॉन'.

५/ फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटशाळांत पक्षी मरू लागले. आरंभी ती राणीखेतच वाटली. १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झाले : एच५एन१, भारतातील पहिला बर्ड फ्लू. लक्षावधी पक्षी मारावे लागले.

६/ याच विषाणूच्या अनेक प्रकारांना बदके पुरून उरतात. कोंबड्या का नाही? २०१० साली कॅनडातील संशोधकांनी एक कारण दाखवले. विषाणूची चाहूल घेणारे 'रिग-आय' हे प्रथिन बदकांत असते, कोंबडीत नसते. इंटरफेरॉनची हाक मग उशिरा वा क्षीण उठते. बदकाचे ते जनुक कोंबडीच्या पेशींत घातल्यावर विषाणूची वाढ घटली.

७/ ज्या प्राण्याने माणसाला प्रतिकारशक्तीचे धडे दिले, त्याच्याच वेशीवर एक पहारेकरी कमी आहे. मानमोडीपुरती ती उणीव लस भरून काढते. बी पेशी शत्रूला आधीच ओळखून असतात. म्हणून परसातल्या चार कोंबड्यांनाही वेळेवर लस मिळणे मोलाचे.