निळी रेषा, लाल रेषा: पूररेषा नेमकी ठरते कशी?
यावल तालुक्याला पुराचा धोका दोन बाजूंनी आहे. उत्तरेला सातपुड्यातून उतरणारे, काही तासांत फुगणारे नदी-नाले. दक्षिणेला तापी, जिच्यावर वरच्या अंगाला 41 दरवाजांचं हतनूर धरण आहे.

पद्धत मात्र एकच. नदीचे आडवे छेद मोजतात, उतार आणि पात्रातले अडथळे धरतात, मग ठरावीक विसर्गाला पाणी किती चढेल ते काढतात. ती पातळी नकाशावर उतरवली की झाली पूररेषा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला साधारणपणे मनाई असते.

'25 वर्षांतून एकदा' म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता. यंदा पूर आला म्हणून पुढची 24 वर्षं निवांत, असं नाही! निळ्या रेषेवरच्या घरात 30 वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता जवळपास 70 टक्के. आणि पात्रात भराव पडला, की जुनी रेषाही चुकते.