मालकाच्या दोन ओळी

लिनक्सवरची एखादी सर्व्हिस आपल्या गरजेप्रमाणे वळवायची तर आज ‘सिस्टमसीटीएल एडिट’ ही कमांड द्यायची, दोन ओळी लिहायच्या आणि सेव्ह करायचं. मूळ फाइलीला हातही लागत नाही. एवढ्याशा सोयीपर्यंत पोचायला युनिक्सच्या घराण्याला तीस-पस्तीस वर्षं लागली. झगडा एकाच गोष्टीसाठी होता: सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने लिहिलेलं आणि यंत्र सांभाळणाऱ्याने लिहिलेलं एकमेकांत मिसळू नये.

1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सवर यंत्र सुरू झालं की ‘आरसी’ नावाची एक शेल स्क्रिप्ट चाले. बदल करायचा तो तिच्यातच. बर्कलीच्या बीएसडीने पुढे ‘आरसी डॉट लोकल’ ही फाइल वेगळी काढली; तिथे जे लिहाल ते तुमचं. या वंशावळीचा मूळपुरुष मी तिलाच मानतो. मात्र तिच्यात नवं काही जोडता येई, आधीच्या स्क्रिप्टने केलेलं बदलता येत नसे.

सिस्टम फाइव्ह युनिक्सने प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र स्क्रिप्ट दिली, आणि लिनक्सने बहुतांशी तीच पद्धत उचलली. डेबियनने ‘डिफॉल्ट’ आणि रेड हॅटने ‘सिसकॉन्फिग’ या डिरेक्टरींत निवडक सेटिंग्ज बाहेर काढून ठेवली. पण पॅकेज बनवणाऱ्याला सुचली तेवढीच सेटिंग्ज तिथे असत. त्यापलीकडे काही हवं असलं की स्क्रिप्टच उघडावी लागे, आणि पुढच्या अपग्रेडला डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन डीपीकेजी विचारत असे: तुम्ही बदललेली फाइल ठेवू की नवी घालू? त्या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. मालकाचं लेखन परस्पर पुसायचं नाही, हा सभ्यपणा त्यात आहे. तरी दोन्हींपैकी एक निवडलं की दुसऱ्यातलं चांगलं हातानेच जुळवून घ्यावं लागे.

फ्रीबीएसडीने वाट दाखवली होती. मूळ मूल्यं ‘डिफॉल्ट्स’मधल्या ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्ये, तुमची वरच्या डिरेक्टरीतल्या त्याच नावाच्या फाइलीत, नंतर वाचली जाते ती तुमची, म्हणून चालते तीही तुमचीच.

2010 मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू करणारं आणि सांभाळणारं सिस्टमडी आणलं. त्यावरून डेबियनमध्ये कडाक्याची भांडणं झाली, पण फाइलींच्या मांडणीत त्यांनी केलेलं काम मला निर्विवाद मोलाचं वाटतं. पॅकेजची युनिट फाइल ‘यूएसआर’खाली, तुमची ‘ईटीसी’खाली, नाव एकच असेल तर ईटीसीतली जिंकते. यातही एक खोट उरली. अख्खी फाइल कॉपी केली की ती तिथेच गोठते आणि मूळ फाइलीतल्या पुढच्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मार्च 2013 च्या 198 व्या आवृत्तीने ती खोट काढली. सर्व्हिसच्या नावाला ‘डॉट डी’ जोडून डिरेक्टरी करायची, तिच्यातल्या छोट्या फाइलीत फक्त बदललेल्या ओळी लिहायच्या, आणि सिस्टमडी त्या मूळ फाइलीवर चढवतं. ‘एडिट’ ही कमांड डिसेंबर 2014 मध्ये, 218 व्या आवृत्तीत आली.

एक गोष्ट नवख्याला हमखास अडवते. ‘एक्झेकस्टार्ट’ बदलताना आधी ती ओळ बरोबरच्या चिन्हानंतर रिकामी लिहावी लागते, मग नवी. नाहीतर जुनी कमांड आणि नवी कमांड, दोन्ही यादीत राहतात, आणि साध्या सर्व्हिसला एकापेक्षा जास्त चालत नसल्याने ती सुरूच होत नाही. कुठे काय बदललं आहे हे विसरलं असेल तर ‘सिस्टमडी-डेल्टा’ चालवावी. अख्खी फाइल बदललेली असेल तर मूळ आणि आपलं यांतला फरक ती ओळीओळीने दाखवते; छोट्या फाइलींची ती फक्त नोंद देते.