आवाजाचे माप : चित्रगृहापासून बैठकीच्या खोलीपर्यंत

चित्रगृहासारखा आवाज घरी व्हावा म्हणून जे यंत्र आता मध्यमवर्गीय घरांतही येऊ लागले आहे, त्याला सराउंड साउंड प्रोसेसर म्हणतात. त्याला पाच, सात किंवा त्याहूनही अधिक स्पीकर जोडावयाचे असतात. जुळणीच्या वेळी हे यंत्र गाणे लावीत नाही की संवाद ऐकवीत नाही. एकेका स्पीकरमधून आळीपाळीने, नळाचे पाणी जोरात सुटावे तसा ‘फस्स’ असा आवाज काढते. पुष्कळ लोक हा भाग कंटाळून सोडून देतात. दुकानाचा माणूसही तारा जोडतो, लढाईचा एखादा प्रसंग मोठ्याने लावून दाखवितो आणि पैसे घेऊन जातो. आमच्या मते या यंत्राचे सारे मर्म त्या फसफशीत आहे. ज्यांचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले, त्या आम्हांसारख्यांचे कान ‘माप’ हा शब्द निघाला की टवकारतात. विणकराने किती वार विणले हे कोणी मोजले आणि कोणत्या पट्टीने मोजले, यावर त्याची मजुरी ठरते. आवाजाच्या धंद्यातही शेवटी प्रश्न तोच आहे, फक्त तेथे पट्टी डोळ्यांना दिसत नाही.

बोलपट आले तेव्हा पडद्यामागे आवाज एकाच जागेहून येई. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला. त्याआधी मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे बसून पेटी-तबला वाजविणारे लोक असत; बोलपटाने त्यांची भाकरी गेली. यंत्राचा इतिहास लिहिताना ही बाजू सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. त्याच १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक तरुण इंजिनियर आपल्या पत्नीबरोबर चित्रपट पाहावयास गेला असता, पडद्यावरील माणूस एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हा विजोडपणा त्याला खटकला अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने दोन वाटांनी आवाज नोंदण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले, हे कागदोपत्री आहे. पुढे १९४२ साली रडारची चाचणी घेणारे विमान कोसळून तो अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या शोधाचे चीज झालेले त्याला पाहता आले नाही.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९३३ मध्ये आणखी मोठा प्रयोग केला. फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद आपल्या गावीच वाजत होता आणि त्याचे संगीत तारांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात, तीन वेगवेगळ्या वाटांनी, पोहोचविले जात होते. वृंदाचे प्रमुख लिओपोल्ड स्टोकोवस्की त्या दिवशी वाद्यांपुढे नव्हते. ते वॉशिंग्टनला बसून आवाजाच्या खुंट्या फिरवीत होते. दोन पुरे असताना तीन वाटा कशाला? कारण सभागृहात सारेच मधोमध बसत नाहीत. कडेला बसलेल्याला दोन कर्ण्यांपैकी जवळचाच ऐकू येतो आणि मधला गायक सरकत त्याच्या कडेला येतो. मधली वाट ठेवली की गायक जागेवर राहतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

याच स्टोकोवस्कींना घेऊन वॉल्ट डिस्ने यांनी ‘फँटेशिया’ काढला. नोव्हेंबर १९४० मध्ये तो न्यूयॉर्कला लागला. त्यात आवाजाच्या तीन वाटा होत्या, आणि कोणत्या क्षणी कोणता कर्णा किती चढवायचा हे सांगणारी चौथी पट्टी होती. आवाज श्रोत्याच्या बाजूने व मागूनही येई. मात्र अशी व्यवस्था करावयाची तर प्रत्येक कर्णा आधी तपासला पाहिजे. त्यासाठी डिस्नेच्या लोकांनी कॅलिफोर्नियातील एका मोटारीच्या कोठारात नुकताच धंदा सुरू केलेल्या दोघा तरुणांकडून शुद्ध स्वर काढणारी आठ उपकरणे विकत घेतली. ते तरुण म्हणजे ह्यूलेट आणि पॅकार्ड. पुढे त्यांची केवढी मोठी कंपनी झाली हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या पहिल्या मोठ्या मागणीपैकी एक आवाजाच्या मोजमापासाठी होती, हे फारसे कोणी सांगत नाही. एका चित्रगृहात ही सामग्री बसवावयास सुमारे ८५,००० डॉलर लागत. त्यामुळे ती मोजक्याच शहरांत गेली, आणि युद्धाने पुढचा मार्ग बंद केला.

येथे थोडे विषयांतर करतो. ज्या कारखान्यात स्वर इतका बारकाईने मोजला जात होता, तेथे पगार कोणत्या मापाने ठरतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. सारख्याच कामाला दोघांचे वेगळे वेतन असे. ‘फँटेशिया’तील नाचणाऱ्या अळंब्या ज्यांच्या हातच्या, ते आर्ट बॅबिट युनियनचे काम करतात म्हणून मे १९४१ मध्ये त्यांना काढून टाकले, आणि लगेच चित्रकारांचा संप सुरू झाला. काही आठवडे तो चालला. अखेर डिस्नेंना युनियन मान्य करावी लागली. अळंब्या आजही पडद्यावर नाचतात.

युद्धानंतर घरोघर आलेल्या टेलिव्हिजनमुळे अमेरिकन चित्रगृहे ओस पडू लागली, तेव्हा मालकांना पुन्हा चहूबाजूंच्या आवाजाची आठवण झाली. १९५२ चा सिनेरामा आणि १९५३ चा सिनेमास्कोप ही त्याची फळे. सिनेमास्कोपच्या चौथ्या वाटेवर मागच्या कर्ण्यांचा आवाज असे. पण त्या वाटेवर एरवी नुसती खरखर ऐकू येई. म्हणून फिल्मवरच १२,००० कंपनांचा एक बारीक स्वर नोंदून ठेवीत. तो आला म्हणजे मागचे कर्णे उघडावयाचे, गेला म्हणजे बंद. युक्ती चांगली होती, पण गावोगावच्या लहान चित्रगृहवाल्यांना खर्च झेपेना. त्यांनी कुरकुर केली आणि १९५४ पासून एकाच वाटेच्या साध्या प्रतीही मिळू लागल्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कंपन्यांनी घरासाठी चार कर्ण्यांच्या तबकड्या काढल्या. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना, आणि तोही धंदा बसला. कर्णे वाढवीत नेले, पण सर्वांनी मान्य केलेले माप नव्हते.

ते माप ज्यांच्या कंपनीमुळे रूढ झाले, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. येथून परत गेल्यावर त्यांनी लंडनला कंपनी काढली. आधी त्यांनी फितीवरील खरखर कमी केली. मग त्यांच्या माणसांनी, त्यांत आयोन ॲलन हे प्रमुख, चित्रगृहाकडे मोर्चा वळविला. त्यांच्या ध्यानात आले की ज्या दालनात ध्वनिमुद्रक संवाद, संगीत व इतर आवाज एकत्र मिसळतो, तेथील आवाज आणि चित्रगृहातील आवाज यांत काहीच ताळमेळ नाही. मग ठरले ते असे : प्रत्येक सप्तकात सारखी शक्ती असलेला एक फसफसाट प्रत्येक कर्ण्यातून सोडावयाचा, श्रोत्याच्या जागी मापक ठेवावयाचा, आणि काटा ८५ डेसिबलवर येईल अशी खुंटी लावावयाची. मिसळणीच्या दालनात हेच आणि चित्रगृहातही हेच. दालनात बसलेल्या कारागिराने कुजबूज जितकी ठेवली तितकीच ती शेवटच्या रांगेत पोहोचावी, असा हा करार होता. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ या पायावर उभा होता. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर अनेक वाटांच्या आवाजानिशी मुंबईच्या मिनर्व्हात लागला, तेव्हा नाणे पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून पाहत असे सांगतात.

करार पुढे मोडलाही. नव्वदीत आवाजाला अंकांचे रूप मिळाले. १९९२ व १९९३ साली डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस आले, आणि मोठ्या आवाजाला जागा मिळाली. जाहिरातवाल्यांनी व ट्रेलरवाल्यांनी ती सगळी व्यापली. प्रेक्षक ओरडले की ऑपरेटर ७ या खुणेवरची खुंटी ५ वर आणी. मग मुख्य चित्रपटातील संवाद ऐकू येईनात, आणि लोक ऑपरेटरलाच शिव्या घालीत. त्याचा काय दोष? ज्याच्या हाती खुंटी त्याच्या माथी खापर, हा न्याय आम्ही अनेक धंद्यांत पाहिला आहे.

आता घराकडे वळू. प्रोसेसरला तीन गोष्टी कळवाव्या लागतात. पहिली अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. पुढचा स्पीकर दहा फुटांवर आणि मागचा चार फुटांवर असेल, तर मागचा आवाज सुमारे ५ सहस्रांश सेकंद आधी पोहोचेल. आणि जो आधी पोहोचतो तिकडूनच सारा आवाज येतो असे कान धरून चालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखविले. म्हणून यंत्र जवळच्या स्पीकरला थोडे थांबविते. टेप घेऊन अंतर नीट मोजावे, अंदाजाने सांगू नये. दुसरी गोष्ट पातळीची. घरी बहुधा फसफसाट ७५ डेसिबलवर लावतात, कारण त्याची नोंदच तितक्या बेताने खाली ठेवलेली असते. हिशेब तोच पडतो. तिसरी खर्जाची. सुमारे ८० कंपनांच्या खालचा आवाज कोठून येतो हे कानाला नीटसे उमगत नाही, म्हणून तो लहान स्पीकरांकडून काढून वेगळ्या सबवूफरकडे देतात. येथे मात्र खोली आडवी येते. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ कंपनांच्या आसपासचा खर्ज भिंतींजवळ घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खुंटी कितीही फिरवा, मधल्या खुर्चीवर तो येत नाही. खुर्ची हातभर मागे घेतली की येतो. फुकटचा उपाय आहे, म्हणून कोणी विकत नाही.

आता या शतकातील यंत्रे मायक्रोफोन लावून हे सारे स्वतः करतात. पण आकडा डोळ्यांखालून घालावा. त्या ८५ डेसिबलच्या करारात एका कर्ण्याला क्षणभर १०५ पर्यंत जाण्याची मुभा आहे. जुन्या धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज शंभराच्या आसपास असे, आणि तेथे आठ-आठ तास उभे राहिलेले विणकर निवृत्तीनंतर घरात मोठ्याने बोलतात ते रागाने नव्हे. कारखाना कायद्याखालच्या नमुना नियमांत आठ तासांस ९० ची मर्यादा लिहिली गेली. ती मोजण्यास मापक घेऊन खात्यात येणारा अधिकारी आम्ही क्वचितच पाहिला. आता तसला मापक खिशातल्या फोनमध्येही असतो, जरी तो तंतोतंत नसला तरी. चित्रपट पाहताना तो एकदा लावावा. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविले, आणि भिंतीपलीकडचा शेजारी पहाटेच्या पाळीला जाणारा असू शकतो. जुळणी मापाप्रमाणे करावी आणि मग मुख्य खुंटी खुशाल खाली आणावी. फक्त, हळू आवाजात कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखविले आहे; त्याची भरपाई करणारी सोय बहुतेक यंत्रांत असते, ती चालू करावी.

राहिला मायक्रोफोन कोठे ठेवावा हा प्रश्न. चित्रगृहात तो चार-पाच ठिकाणी ठेवून सरासरी काढीत, कारण तिकिटाचे पैसे सर्वांनी दिलेले असत. घरची यंत्रेही सहा-आठ ठिकाणची मापे घेतात, पण पुष्कळांत अंतर आणि पातळी पहिल्या मापावरूनच ठरते, आणि पहिले माप घरधन्याच्या खुर्चीवर घेतले जाते. आजी मात्र दाराजवळच्या खाटेवर बसलेली असते आणि तिला संवाद ऐकावयाचे असतात. कानाच्या उंचीवर, भिंतीपासून व खुर्चीच्या पाठीपासून दूर, एक माप तिच्या जागीही घ्यावे. आणि जागा नाही म्हणून कोणी मधला स्पीकर वगळा असे सुचविले, तर ऐकू नये. १९३३ साली तिसरी वाट काढली गेली ती कडेला बसणाऱ्यांसाठीच.